अन्नछत्रात मिरपूड मागणाऱ्याची बाजू

विश्वामित्री नदीचं पाणी ओसरलं की बडोद्यात एक वाद हमखास वर येतो आणि नवरात्राच्या गरब्यात विरून जातो. शहरातले ट्रस्ट, कंपन्यांचे सीएसआर (सामाजिक जबाबदारी) विभाग, दांडिया बाजार-रावपुऱ्यातली आपली मराठी मंडळं मदतीचा पैसा कुठे घालायचा हे ठरवतात. तेव्हा ज्यांना ती मदत मिळायची त्या वस्तीतली माणसं सल्लागार म्हणून शेजारी बसवावीत की नाही? वाद चांगला आहे, घातला मात्र वाईट जातो. एका बाजूचं सगळं म्हणणं एका म्हणीत मावतं: अन्नछत्रात जेवायचं आणि वर मिरपूड मागायची! दुसरी बाजू ‘लोकसहभाग’, ‘तळागाळाचा आवाज’ असे शब्द पेरून मोकळी होते. तो आवाज नेमका कुठल्या ठरावावर, किती रुपयांसाठी, कुणाची सही होण्याआधी ऐकायचा, हे विचारलं की गप्प. या लेखाची बाजू अशी: वस्तीतले सल्लागार हवेतच, पण चार गोष्टी आधी कागदावर आल्या तरच. त्यांना मानधन हवं, त्यांची मुदत ठरलेली हवी, निधीचा ठरावीक वाटा त्यांच्या शिफारशीने जायला हवा, आणि शिफारस फेटाळली तर विश्वस्तांनी कारण लेखी द्यायला हवं. यातली एक जरी गळणार असेल तर सल्लागार नेमूच नयेत. खुर्च्या भरायला माणसं बोलावण्यापेक्षा विश्वस्तांनी आपल्या मर्जीने पैसे वाटलेले बरे. चूक कुणाची, हे तरी त्यात कळतं.

आधी ती म्हण. मिरपूड मागणारा उद्धट असेल, पण जेवण अळणी झालंय हे पंगतीत त्यालाच कळलेलं असतं; वाढपी अजून जेवलेला नसतो. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस, ऐन श्रावणात, काळा घोड्यापाशी नदीने २६ फुटांची धोक्याची खूण ओलांडली आणि पाणी ३५ फुटांच्याही वर गेलं. शहर मदतीला धावलं, त्यात कुणी कमी पडलं नाही. पण मदतीचा टेम्पो रुंद रस्त्यावर थांबतो. पाणी सगळ्यात शेवटी उतरतं ते उताराच्या टोकाला, परशुराम भठ्ठ्यासारख्या नदीकाठच्या वस्तीतल्या मागच्या ओळीत, जिथे हातगाडीसुद्धा तिरकी करून न्यावी लागते. मग पुढच्या ओळीतल्या घरात चार किटं जमतात आणि मागच्या ओळीत एकही पोचत नाही. यात लबाडी कुणाचीच नसते, सगळा खेळ रस्त्याच्या रुंदीचा असतो.

आणि किटात असतं काय? पाच किलो पीठ, दोन किलो तांदूळ, किलोभर डाळ, लिटरभर तेल, मीठ-मसाला. ज्या घरात कमरेएवढं पाणी दोन-तीन दिवस उभं होतं तिथे बर्नरच्या छिद्रांत गाळ बसलेला असतो, गॅसच्या नळीत चिखल असतो, रेग्युलेटर बुडून निघालेला म्हणजे वापरायला धोक्याचा. जमिनीखालच्या टाकीत गटाराचं पाणी शिरलेलं, तेव्हा पीठ मळायचं कशाने? त्या घराला तिसऱ्या दिवशी हवी असते नवी नळी, रेग्युलेटर, बर्नर खोलून साफ करणारा एक माणूस, टाकी उपसायला पंप आणि ब्लीचिंग पावडर. आठव्या दिवशी हव्यात गाद्या, कारण कापसाची गादी गटाराच्या पाण्यात भिजली की वाळवून उपयोग नाही, ती फेकायचीच. पंधराव्या दिवशी हवेत कागद: रेशनकार्ड, शाळेचा दाखला, बँकेचं पासबुक, म्हणजेच झेरॉक्सचं मशीन घेऊन वस्तीत बसणारा आणि फॉर्म भरून देणारा कुणीतरी. हा क्रम दोन पूर काढलेल्या कुठल्याही बाईला तोंडपाठ असतो. अलकापुरीसारख्या सुखवस्तू भागातल्या सभागृहात मात्र तो माहीत नसतो, कारण तिथल्या कुणाची शेगडी बुडालेली नसते.

‘सत्पात्री दान’ हा आपल्याकडचा जुना शब्द. पात्र कोण, हे ठरवायचं कुणी? या एका प्रश्नावर मराठी समाज जेवढा भांडलाय तेवढा दान द्यावं की देऊ नये यावर कधीच भांडला नाही. श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटायची प्रथा सेनापती दाभाड्यांची. १७३१ मध्ये डभईजवळच्या लढाईत, म्हणजे बडोद्यापासून तासाभराच्या वाटेवर, त्रिंबकराव दाभाडे पडले आणि ती प्रथा पेशव्यांनी पुण्यात उचलली. पेशवाई बुडाली तरी दक्षिणा बुडाली नाही. १८२१ मध्ये इंग्रजांनी त्याच पैशातून पुण्यात संस्कृत पाठशाळा काढली. १८४९ मध्ये लोकहितवादी आणि त्यांच्या बरोबरच्या सुधारकांनी अर्ज केला की या दक्षिणेतला काही भाग मराठीत उपयोगी ग्रंथ लिहिणाऱ्यांकडे वळवा. केवढा गहजब झाला! धर्मबुडवे, परक्याच्या ताटात हात घालणारे, सगळं ऐकून घ्यावं लागलं. पण १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी आली, आणि श्रावणातल्या दक्षिणेचा पैसा मराठी पुस्तकांकडे वळू लागला. त्या अर्जदारांनी तरी दुसरं काय केलं होतं? अन्नछत्रात मिरपूडच मागितली होती.

बडोद्याची गोष्ट याहून उपयोगी आहे. गायकवाड मूळचे दाभाड्यांचे सरदार, तेव्हा श्रावणातली दक्षिणा इथेही होती. सयाजीराव महाराजांनी तिला परीक्षा जोडली. नुसता जन्म पुरणार नाही, काय येतं ते दाखवा. बडोद्याची श्रावणमास दक्षिणा परीक्षा दिलेले पंडित ते पुढे मानाने सांगत. प्रश्न ‘तू कोण?’ होता, तो ‘तुला काय येतं?’ झाला. सुधारणा मोठीच, पण प्रश्न विचारणारे होते तेच राहिले. ठरवणारे बदलायची दुसरी पायरी महाराजांनी वाचनालयांच्या बाबतीत चढली. १९१० मध्ये अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना आणून संस्थानभर वाचनालयं काढली, तेव्हा व्यवहार असा ठेवला: गावाने वर्गणी जमवायची, तितकीच रक्कम प्रांत पंचायतीने घालायची, तितकीच सरकारने. तिघांचा एकेक तृतीयांश, आणि वाचनालय चालवायला गावची समिती. संपूर्ण खर्च करायला महाराजांकडे पैसा नव्हता का? होता. पण ज्याचा पैसा शून्य त्याचं म्हणणं शून्य, हे त्यांना कळत होतं.

इथे कुणी म्हणेल, गावाने वर्गणी तरी दिली होती, वस्तीतले सल्लागार काय देतात? ते संध्याकाळ देतात. शिवाय शेजाऱ्यांची बोलणी खातात, ‘तू तिथे बसूनही आमचं काम झालं नाही’ हे वर्षभर ऐकतात. मदत फसली तर विश्वस्त गाडीत बसून घरी जातात. सल्लागाराला दुसऱ्या दिवशी त्याच नळावर उभं राहायचं असतं. त्याची वर्गणी ती.

आता विरोधी बाजूचे आक्षेप. त्यातला सगळ्यात आवडता आक्षेप सगळ्यात कच्चा आहे: ज्याचा पैसा त्याची मर्जी. स्वतःच्या खिशातून, पावती न घेता दिलेल्या दानाबद्दल खरंच कुणी कुणाला विचारू नये. पण पावती फाडली की हिशेब बदलतो. जुन्या करपद्धतीत ३० टक्क्यांच्या टप्प्यातला माणूस देणगीवर ५० टक्के वजावट मिळणाऱ्या संस्थेला एक लाख रुपये देतो, तेव्हा मर्यादेत बसत असेल तर त्याचा उपकरासह १५,६०० रुपये कर वाचतो. म्हणजे लाखातले एवढे तिजोरीने दिले, आणि साबणाच्या वडीवर जीएसटी भरणारी मोलकरीणही त्या तिजोरीत पैसे घालते. सीएसआरचं तर विचारूच नका. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली येणाऱ्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्च करायचे असतात, तेही आसपासच्या भागाला प्राधान्य देऊन. त्याला आपली उदारता म्हणणं म्हणजे घरपट्टी भरून महापालिकेवर उपकार केल्यासारखं आहे. दाता गेल्यावर त्याच्या मर्जीचं काय होतं, हाही प्रश्न आहेच. मृत्युपत्रातल्या अटी पिढ्यान्‌पिढ्या शहराला नडतात, हे पाहून १९१४ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमध्ये फ्रेडरिक गॉफ या बँकेच्या माणसाने शहरभरच्या देणग्या एका निधीत आणल्या आणि वाटपाचा निर्णय त्या-त्या काळातल्या नागरिकांच्या समितीकडे दिला. गॉफ काही क्रांतिकारक नव्हता. अडकून पडलेला पैसा बँकवाल्याला डाचतो, इतकंच.

दुसरा आक्षेप कायद्याचा, आणि तो खरा आहे. विश्वस्ताला आपला निर्णय दुसऱ्याच्या हाती सोपवता येत नाही. उद्या धर्मादाय आयुक्तांपुढे उभं राहायचं ते त्यालाच, सल्लागाराला नाही. म्हणूनच सल्लागार शिफारस करतील आणि सही विश्वस्तच करतील. विश्वस्त मंडळाने वर्षाच्या सुरुवातीला ठराव करायचा: निधी चाळीस लाख, त्यातल्या बारा लाखांवर सल्लागारांची शिफारस मान्य होईल, अपवाद केला तर कारण इतिवृत्तात येईल आणि ते सल्लागारांना वाचून दाखवलं जाईल. अधिकार विश्वस्तांचाच राहतो, फक्त ‘असंच’ हे उत्तर बंद होतं. बहुतेक ट्रस्टांचा खरा विरोध नेमका इथे असतो, कायद्याचं नाव पुढे करून.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार. वस्तीत एक दादा असतो, तो कुणा पुढाऱ्याचा माणूस असतो, आणि ‘वस्तीतलं कुणीतरी पाठवा’ म्हटलं की तोच येतो, नाहीतर त्याचा मेव्हणा. पुढचं सगळं मग त्याच्या यादीप्रमाणे. असं होतं, नेहमी होतं. पण हा दोष निवडीच्या रीतीचा आहे. ‘कुणीतरी पाठवा’ म्हणायचंच नाही. अंगणवाडी सेविका, आशा, सखी मंडळं (बचत गट) आणि शाळेतले पालक यांच्याकडून वेगवेगळी नावं घ्यायची, तीसेक नावांची यादी करायची आणि सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकून दहा काढायची. त्यात निदान सहा बायका आणि तीन भाडेकरू हवेत. भाडेकरूंचा आग्रह यासाठी की वस्तीतल्या बहुतेक याद्या घरमालकांच्या नावांवरून होतात. पुरात खोली दोघांची बुडते, यादीत एकच येतो. मुदत दोन वर्षांची, दरवर्षी निम्मे बदलायचे, म्हणजे जुन्याला मक्ता मिळत नाही आणि नवा अगदीच कोरा राहत नाही. अर्ज आपल्या नात्यातला असेल तर खोलीबाहेर जायचं. गप्प बसणं पुरत नाही. शेजारीण समोर बसलेली असताना तिच्या भाच्याच्या बालवाडीला नाही कोण म्हणेल? आणि हा नियम विश्वस्तांनाही लागू. आयकर कायदा विश्वस्ताच्या नातेवाइकाला फायदा द्यायला आडकाठी करतो. पण विश्वस्त जिथे शिकला त्या शाळेला दर वर्षी न चुकता जाणारी देणगी कुठल्याच कायद्यात अडकत नाही. वशिला फक्त वस्तीत असतो हे कुणी ठरवलं?

एक गोष्ट सल्लागारांकडे मुळीच द्यायची नाही, आणि उत्साही ट्रस्ट नेमकी तीच आधी देतात: एकेका माणसाचे अर्ज. अमक्याच्या ऑपरेशनला द्यायचे का, तमकीची फी भरायची का. हे शेजाऱ्यांनी ठरवलं की टीबीपासून कर्जापर्यंत घरातली प्रत्येक गोष्ट गल्लीत जाते, आणि नाही म्हणणाऱ्याशी सहा महिने कुणी बोलत नाही. सल्लागारांनी ठरवायचं ते कामाचा प्रकार, जागा, वेळ आणि क्रम. व्यक्तीचे अर्ज ट्रस्टच्या नेमलेल्या माणसाने गुप्तपणे पाहायचे. ही रेघ आखली नाही म्हणून पहिल्याच वर्षी मोडलेल्या समित्यांवरून ‘लोकांना विचारून काही होत नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. तो निष्कर्ष चुकीच्या जागी पोचतो.

चौथा आक्षेप जाणकारीचा. डायलिसिसचं मशीन कुठलं घ्यावं हे चाळीतल्या माणसाला काय कळणार? नाही कळणार, आणि त्याला विचारूही नये. मशीन, शुद्ध पाण्याची यंत्रणा, तंत्रज्ञ हे नेफ्रॉलॉजिस्टने बघायचं. पण पुढे? रुग्णाला आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर खेपेला साधारण चार तास तिथे पडून राहायचं असतं. २०१६ पासून केंद्राच्या कार्यक्रमातून गरिबांना डायलिसिस मोफत मिळतं, तरी माणसं खेपा चुकवतात. का? रुग्ण एकटा येऊ शकत नाही. सोबतच्याची मजुरी बुडते, रिक्षाला दोघांचं भाडं पडतं, आणि शेवटची पाळी मिळाली तर घरी जायला बस नसते. देणगीदाराने पाचवं मशीन दिलं तर भिंतीवर त्याच्या नावाची पाटी लागते. त्याच पैशात रात्रीच्या पाळीच्या रुग्णांना घरी सोडणारी गाडी कित्येक वर्षं चालली असती, पण गाडीवर पाटी छोटी बसते. (पाटीचा आकार हा आपल्या दानशूरतेतला सर्वांत दुर्लक्षित घटक आहे.) रोगावर उपचार काय, हे डॉक्टरांनी सांगावं, उपचारापर्यंत पोचायची वाट कुठे तुटते, हे रोज त्या वाटेने जाणाऱ्याने सांगावं. दोघांना एकच प्रश्न विचारला की दोघंही चुकीचं उत्तर देतात.

आणि घाईच्या वेळी? पाणी चढत असताना समितीची बैठक कोण बोलावणार? कुणीच बोलावू नये. पहिले तीन दिवस होड्या, पाणी, शिजवलेलं अन्न. त्यात सल्लामसलत नाही. पण सल्लागारांचं काम ज्येष्ठातच झालेलं असायला हवं. कुठल्या ओळीत टेम्पो जात नाही, कुणाच्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, उंचावरचा कुठला ओटा स्वयंपाकाला मिळेल, हे पावसाआधी एका कागदावर लिहून ठेवलं तर तिसऱ्या दिवशीची सगळी धावपळ निम्म्यावर येते.

आता आपल्या बाजूची कानउघाडणी. शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्येच शाळा व्यवस्थापन समित्या आणल्या. तीन चतुर्थांश पालक, निम्म्या स्त्रिया; कागदावर याहून चांगली रचना सापडणार नाही. प्रत्यक्षात पुष्कळ शाळांत वही पुढे सरकवली जाते आणि आया सही करतात. असं का होतं? बैठक अकरा वाजता असते, आईची दोन घरची कामं बुडतात, इतिवृत्त आधीच लिहून तयार असतं, आणि तिने ‘नाही’ म्हटल्याने बदलेल अशी एकही रक्कम तिच्यापुढे ठेवलेली नसते. वस्ती सल्लागारांचंही हेच होणार, जर बैठक कचेरीच्या वेळेत, कचेरीच्या जागी आणि इंग्रजीत झाली तर. बैठक रात्री साडेआठला, वस्तीजवळच्या शाळेत. कागद गुजरातीत आणि हिंदीत. अर्जाचा गोषवारा एका पानाचा, तोही बैठकीत मोठ्याने वाचायचा, कारण वाचता न येणारा सल्लागार ते कधीच बोलून दाखवणार नाही. मानधन बैठकीला ७०० रुपये आणि येण्याजाण्याचे १००, थेट बँक खात्यात. दहा सल्लागार, वर्षाला सहा बैठका, म्हणजे ४८,००० रुपये. चाळीस लाखांच्या निधीत हे सव्वा टक्कासुद्धा नाही. सीएसआरवाले इथे प्रशासन खर्चाची पाच टक्क्यांची मर्यादा दाखवतात. पण एखाद्या विशिष्ट प्रकल्पाच्या आखणीवर आणि देखरेखीवर थेट झालेला खर्च नियमांनुसार त्या मर्यादेत मोजला जात नाही. तेव्हा पैसे नाहीत हे कारण चालणार नाही. उद्घाटनाच्या मंडपाला याहून जास्त जातात.

आपल्या मराठी मंडळांपुरतं बोलायचं तर त्यांच्या शिष्यवृत्त्यांचे नियम एकदा नीट वाचावेत. मातृभाषा मराठी, अमुक इतके टक्के गुण, अर्ज कार्यालयात आणून द्यायचा, जुन्या सभासदाची शिफारस जोडायची. नियम बनले तेव्हा गरजू मराठी मुलगा वाड्याच्या मागच्या खोलीत राहत होता आणि सभासद समोरच्या. आता तो मकरपुऱ्याकडे कुठेतरी राहतो, वडील औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) कंत्राटी कामावर, शिक्षण गुजराती माध्यमातून, आणि शिफारस देणारा सभासद त्याच्या ओळखीत नाही. दर वर्षी ‘अर्जच कमी येतात’ म्हणून हळहळणाऱ्या मंडळींनी अशा दोन घरांतल्या आयांना नियम बदलायच्या बैठकीला बोलावलंय का? आलेल्या अर्जांची छाननी करायला त्यांना बोलावून काही साधणार नाही. त्यांची गरज आहे अर्जाचा नमुना ठरतो त्या दिवशी.

पहिल्या वर्षी सल्लागार जवळपास सगळ्यालाच हो म्हणतील. देणाऱ्यापुढे बसून नाही म्हणायची सवय कुणालाच नसते, तेव्हा त्या वर्षीचे आकडे पाहून खूष होऊ नये आणि निराशही होऊ नये. दुसऱ्या वर्षी, बहुधा पावसाळ्याच्या तोंडावर, एखादी बाई म्हणेल की हे शिलाई मशीनचं वाटप नको, मागची सहा मशीनं पलंगाखाली पडली आहेत, त्याऐवजी संध्याकाळी चार ते सात मुलं सांभाळायची सोय करा. नेमका तो अर्ज विश्वस्तांपैकी कुणाच्या तरी आवडीच्या संस्थेचा असेल. त्या रात्रीचं इतिवृत्त काढून बघावं, तिथे कारण लिहिलंय की नुसतं ‘चर्चा झाली’ एवढंच.